ऑटोमॅटिक मस्टँग ‘गिअरची गाडी’ करायची तर

आपल्यापैकी बहुतेकांनी गाडी शिकली ती क्लच सोडताना हिसके खात आणि शेजारी बसलेल्या काकांच्या शिव्या खात. अमेरिकेत आल्यावर डावा पाय रिटायर झाला. मग चाळिशीत कधीतरी जुन्या गाडीचं वेड लागतं, गॅरेजमध्ये साठच्या दशकातली मस्टँग येते, आणि पहिल्याच फेरीत कळतं की ही पण ऑटोमॅटिकच. इंजिन व्ही-एट, आवाज छातीत घुमणारा आणि हाताला काम काही नाही!

मी मिशिगनमध्ये राहतो. माझ्याकडची १९६७ची मस्टँग मी सी-फोर या फोर्डच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवरून टी-फाइव्ह या पाच गिअरच्या मॅन्युअलवर आणली. दोन शनिवार-रविवारचं काम म्हणून हात घातला, सात लागले. त्यातले चार तरी माझ्या घाईमुळे. हा लेख मुख्यतः त्या चारांबद्दल आहे. गिअरबॉक्स काढणं-बसवणं हा या कामातला सोपा भाग. माणूस अडतो तो गिअरबॉक्सच्या आजूबाजूला, म्हणजे फ्लायव्हील (इंजिनाच्या पाठीवरचं जड चाक, क्लच त्यावर बसतो), पेडल, बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी घंटेसारखी पेटी) आणि मागचा डिफरन्शियल (मागच्या चाकांना जोर देणारी दातेरी पेटी) यांत. हे भाग एकमेकांना जुळतात की नाही, ते विकत घेण्याआधी पाहायचं असतं.

पट्टीचे लोक म्हणतील, २८९ घनइंची इंजिनाची मस्टँग ही मसल कार (दांडग्या इंजिनाची मोठी गाडी) नव्हे, पोनी कार (त्याहून लहान, स्पोर्टी). खरं आहे. पण कामाची रीत शेव्हर्लेची शेव्हेल असो की कॅमॅरो, तीच. आकडे आणि पार्ट तेवढे बदलतात. खालचे आकडे १९६७-६८च्या २८९ मस्टँगचे आहेत.

आधी पाटी वाचा

पान्याला हात लावण्याआधी ड्रायव्हरच्या दरवाजावरची पाटी वाचा. तिच्यावर ट्रान्समिशनचा कोड असतो. १९६७ला ‘डब्ल्यू’ म्हणजे सी-फोर, ‘यू’ म्हणजे मोठ्या इंजिनामागचा सी-सिक्स, आणि ‘५’ म्हणजे चार गिअरची मॅन्युअल. त्याच पाटीवर गाडीचा नंबर असतो. ‘७एफ०१सी’ अशी सुरुवात असेल तर ७ म्हणजे १९६७, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०१ म्हणजे हार्डटॉप आणि सी म्हणजे दोन बॅरल कार्ब्युरेटरचं २८९, कंपनीच्या आकड्यांनुसार २०० हॉर्सपॉवर. सीच्या जागी ए असेल तर चार बॅरल, २२५ हॉर्सपॉवर. तिथे ‘के’ दिसला तर हाय-परफॉर्मन्स २८९ हातात आहे. ती गाडी दुर्मिळ. ती ऑटोमॅटिक असेल तर तशीच ठेवा, असं माझं स्पष्ट मत. ‘एस’ असेल तर इंजिन ३९०, आणि पुढचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. त्या इंजिनाची पाठ वेगळी आणि त्याचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, टी-फाइव्हला झेपणारा नाही.

सी किंवा ए कोडची गाडी असेल तर मन मोकळं ठेवून काम करा. गाड्या भरपूर बनल्या, आणि नीट केलेलं रूपांतर पुढच्या गिऱ्हाइकाला आवडतंच. फक्त जे कराल ते बोल्टवर करा. बोगद्यावर, म्हणजे गिअरबॉक्सवरच्या पत्र्याच्या उंचवट्यावर, शिफ्टरचं (गिअरच्या दांड्याचं) एक भोक सोडलं तर कापाकापी लागत नाही. सी-फोर, तिचा टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा ऑइलचा डबा), फ्लेक्सप्लेट (ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागची पातळ तबकडी) आणि ब्रेकचं रुंद पेडल हे सगळं एका खोक्यात ठेवून द्या.

कोणता गिअरबॉक्स

शुद्धतेचा आग्रह असेल तर फोर्डचाच चार गिअरचा टॉपलोडर. लोखंडी, दणकट, काळाला धरून. पण चौथा गिअर एकास एक, त्याच्या वर काही नाही, आणि चांगला मिळाला तरी महाग. हायवेवर इंजिन ओरडत राहतं.

पैशांचा प्रश्न नसेल आणि इंजिन तगडं केलेलं असेल तर ट्रेमेक या गिअरबॉक्स कंपनीचा पाच गिअरचा टीकेएक्स. तो २०२१मध्ये आला आणि ६०० फूट-पौंडापर्यंतचा टॉर्क घेतो. साध्या २८९ला एवढ्याची गरज नाही.

तिसरा, म्हणजे मी घेतलेला, टी-फाइव्ह. हा १९८५ ते १९९३च्या व्ही-एट मस्टँगमध्ये असतो. ॲल्युमिनियमची बॉडी, वजन जेमतेम ३४ किलो. त्याच्या मूळ ताकदीचा आकडा १९८९पर्यंत २६५ फूट-पौंड, १९९०पासून ३००. दोन बॅरलच्या २८९चा जुन्या मोजणीनुसार टॉर्क २८२. म्हणजे नंतरचा टी-फाइव्ह बरा. लाल दिव्यावरून टायर जाळत निघायची सवय असेल तर तोही नको.

जुना टी-फाइव्ह घेताना तीन गोष्टी बघा. टेल हाउसिंगच्या बोल्टवर पत्र्याची बारकी पट्टी असते, तिच्यावर ‘१३-५२’ने सुरू होणारा नंबर. त्यावरून तो कोणत्या वर्षाच्या, कोणत्या इंजिनामागचा, ते तक्त्यात सापडतं. पट्टी नसेल तर भाव पाडा. दुसरं, पुढून केसकडे पाहा. खालच्या शाफ्टच्या टोकाशी बेअरिंगची पोलादी रिंग दिसली तर ‘वर्ल्ड क्लास’, गुळगुळीत झाकण दिसलं तर जुनी आवृत्ती. आपल्याला वर्ल्ड क्लास हवा. तिसरं, १९९४-९५च्या मस्टँगचा टी-फाइव्ह स्वस्तात कोणी देऊ केला तर सांभाळा. त्याचा इनपुट शाफ्ट (इंजिनाकडचा, क्लचमध्ये शिरणारा दांडा) लांब असतो आणि तो साध्या बेलहाउसिंगमध्ये बसत नाही. चार सिलिंडरच्या गाडीचा बॉक्स तर फुकट मिळाला तरी नको.

शाफ्ट हाताने फिरवून बघा, सगळे गिअर टाकून बघा, आणि इनपुट शाफ्ट वर-खाली हलवा. थोडा खेळ चालतो. खडखडला तर ओव्हरहॉलचे पैसे धरूनच भाव करा.

मागच्या दातांचं गणित

हे गणित लोक शेवटी करतात आणि मग पाचवा गिअर शोभेला उरतो. ऑटोमॅटिक २८९च्या मागे बहुधा ८ इंची डिफरन्शियल असतो, गुणोत्तर (चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे) २.८० किंवा ३.००. सी-फोरमध्ये वरचा गिअर एकास एक, म्हणून ३.००वर, साडेपंचवीस इंच व्यासाच्या चाकावर, ताशी ६५ मैलांना इंजिन साधारण २,५७० आरपीएमवर असतं. टी-फाइव्हचा पाचवा ०.६८. तोच डिफरन्शियल ठेवला तर आरपीएम १,७५०पर्यंत उतरतात. २.८० असेल तर १,६३०. एवढ्या खाली कार्ब्युरेटरचं जुनं इंजिन कण्हतं. चढ आला की चौथा, सपाट आला की पाचवा, असं चालू राहतं.

३.५५ घातलं तर त्याच वेगाला २,०७० येतात. हे छान. शिवाय पहिल्या गिअरला टी-फाइव्हचे ३.३५ गुणिले ३.५५, म्हणजे जवळजवळ बारा. सी-फोरच्या पहिल्याचे २.४६ गुणिले ३.०० साडेसात सुद्धा होत नाहीत. गाडी चौकातून उसळी घेते. चार गिअरचा टॉपलोडर घालणार असाल तर मात्र ३.५५ने हायवेवर कान किटतात. ३.०० ठेवा.

८ इंची डिफरन्शियलची मजा अशी की मधला भाग पुढून अख्खा बाहेर येतो. दुसऱ्या गुणोत्तराचा तयार भाग मिळवायचा, ॲक्सल बाहेर ओढायचे आणि अदलाबदल करायची. क्राउन-पिनियनची, म्हणजे आतल्या दोन दातेरी चाकांची, सेटिंग अंगणात करायच्या भानगडीत पडू नका.

फ्लायव्हील: माझी चूक

१९८१पर्यंतच्या छोट्या फोर्ड व्ही-एटचा तोल आणि पुढच्या ५.० लिटरचा तोल वेगळा आहे. या इंजिनांत क्रँकचा सगळा तोल क्रँकवरच सांभाळलेला नसतो. थोडं वजन क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या बॅलन्सरवर आणि थोडं मागच्या फ्लायव्हीलवर, मुद्दाम एका बाजूला, टाकलेलं असतं. जुन्या २८९ आणि ३०२ला हे वजन २८ औंस-इंच, नंतरच्या ५.०ला ५०. बाहेरून दोन्ही फ्लायव्हील जुळी भावंडं. दात दोन्हीला १५७, बोल्टची भोकं तीच. सहापैकी एक भोक मुद्दाम सरकवलेलं असल्यामुळे बसतंही एकाच जागी. चुकीचं फ्लायव्हील बसवताना काहीच अडत नाही.

मी भंगारवाड्यातल्या १९९०च्या गाडीचा टी-फाइव्ह घेतला, तेव्हा तिथल्याने “हे पण घेऊन जा” म्हणून फ्लायव्हील हातात दिलं. फुकट म्हटल्यावर आपला मराठी माणूस नाही म्हणतो का? बसवलं, सगळं जोडलं, स्टार्ट केलं. आयडलला ठीक. १,८००च्या पुढे आरशात मागचं काही दिसेना, २,५००ला डॅशबोर्डवरची किल्ली नाचायला लागली. मला वाटलं प्रोपेलर शाफ्ट. गाडी उभी असताना शाफ्ट फिरतच नाही हे डोक्यात यायला एक दिवस गेला. मग सगळं परत खाली.

२८ औंसाचं, १५७ दातांचं, साडेदहा इंची डायफ्राम क्लचसाठी भोकं पाडलेलं नवं फ्लायव्हील विकत मिळतं. तेच घ्या. इंजिन आधीच्या मालकाने बदललंय का, हे मात्र तपासा. पुढचा बॅलन्सर आणि मागचं फ्लायव्हील एकाच जातीचे हवेत.

बाकीची खरेदी अशी. क्लचप्लेटची स्प्लाइन, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या खाचा, एक पूर्णांक एक सोळांश इंच, दहा खाचांची. रिलीज बेअरिंग आणि फोर्क बेलहाउसिंगला जुळणारे. क्रँकच्या टोकात बसणारा, इनपुट शाफ्टच्या टोकाला आधार देणारा पायलट बुश. मॅन्युअलचा स्टार्टर, कारण ऑटोमॅटिकच्या स्टार्टरच्या नाकाची खोली वेगळी असते. तो बसतो, पण दातांना नीट भिडत नाही. इंजिन आणि बेलहाउसिंगच्या मधला पातळ पत्रा, म्हणजे ब्लॉक प्लेट, १५७ दातांना जुळणारी. टी-फाइव्हसाठी बनवलेला क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सला खालून धरणारी आडवी पट्टी). आणि बॉक्स खाली काढलेला आहे तोवर इंजिनाच्या मागचं मेन सील नवं घाला. दहा-वीस डॉलरच्या सीलसाठी हे सगळं परत उतरवायची वेळ येऊ देऊ नका.

सी-फोर खाली घेणं

बॅटरी सोडा. गाडी चारही बाजूंनी जॅकस्टँडवर, पक्क्या काँक्रीटवर, हातभर उंच. एकट्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. हे सांगायची गरज नसावी, पण पाहिलंय म्हणून सांगतो.

या वर्षांच्या सी-फोरला ऑइल भरायची नळी थेट खालच्या पॅनला लागते. ती सोडली की पॅन रिकामा होतो. मोठी परात ठेवा, नाहीतर लालभडक ऑइल गॅरेजभर. मग प्रोपेलर शाफ्ट, कूलरच्या नळ्या, स्पीडोमीटरची केबल, सिलेक्टरचा रॉड, कार्ब्युरेटरकडून आलेला किकडाउनचा रॉड, आणि मॉड्युलेटरची (इंजिनाच्या ताणाप्रमाणे गिअर बदलवणाऱ्या भागाची) व्हॅक्यूमची नळी. ही नळी इनटेक मॅनिफोल्डवर जिथून येते तिथे आत्ताच टोपी लावा. विसरलात तर इंजिन आयडलला डगमगेल आणि तुम्ही दोन दिवस कार्ब्युरेटर पिळत बसाल.

स्टार्टर काढा. बेलहाउसिंगच्या खालचं झाकण काढलं की कन्व्हर्टरचे चार नट दिसतात. क्रँक फिरवत एकेक सोडा. इंजिनच्या ऑइल पॅनखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकचा हलका टेकू द्या, नाहीतर पाठ खाली गेली की पुढचा पंखा आवरणाला लागतो. मग क्रॉसमेंबर, बेलहाउसिंगचे बोल्ट. कन्व्हर्टर ट्रान्समिशनबरोबरच बाहेर यायला हवा. तो ऑइलने भरलेला, जड आणि निसटता असतो. ट्रान्समिशन जॅक भाड्याने आणा.

पेडल

सगळ्यात कंटाळवाणा दिवस हा. क्लच पेडल नुसतं लटकवता येत नाही. मॅन्युअल गाडीचा पेडलचा अख्खा सांगाडा लागतो, आणि तो १९६७-६८चाच हवा. ६५-६६चा किंवा ६९चा बसत नाही. पॉवर ब्रेक आणि साधा ब्रेक यांचं ब्रेक पेडलही वेगळं, पिनची उंची बदलते. विकत घेताना हे विचारा.

जुना सांगाडा काढायचा तर स्टिअरिंग कॉलम खाली सोडावा लागतो, कारण कॉलमचा आधार त्याच सांगाड्याला आहे. पुढची सीट काढून टाका, पाठीवर झोपा, डोकं पेडलच्या जागी, पाय मागच्या सीटवर. शवासनासारखंच, फक्त डोळ्यांत पन्नास वर्षांचा गंज पडतो. चष्मा लावा. नवा सांगाडा घालण्याआधी क्लच शाफ्टचे प्लास्टिकचे बुश फेकून रोलर बेअरिंगचा किट घाला. पुन्हा तिथे झोपायची इच्छा होणार नाही.

सांगाड्यावर एक जाडजूड स्प्रिंग असते. ती जुन्या, तीन बोटांच्या जड क्लचला मदत म्हणून. तुम्ही डायफ्राम क्लच घालताय तर ती काढून टाका. ठेवलीत तर पेडल दाबल्यावर खालीच राहील, पायाने वर उचलावं लागेल.

आता पेडलपासून फोर्कपर्यंत जोर न्यायचा कसा, याला तीन वाटा. मूळ पद्धत झेड-बारची. फायरवॉलमधून रॉड, इंजिन आणि चॅसिसच्या मध्ये आडवा फिरता दांडा, आणि खालून फोर्कला मागे ढकलणारा छोटा रॉड. साधी, दुरुस्त करता येणारी, आणि कारखान्यातली एक्झॉस्ट असेल तर माझी पहिली पसंती. हेडर्स (एक्झॉस्टच्या बाहेरून घेतलेल्या मोठ्या नळ्या) लावलेले असतील तर त्या नळ्या नेमक्या झेड-बारच्या जागेत येतात. मग केबल घ्या. नंतरच्या मस्टँगच्या बेलहाउसिंगमध्ये केबलचाच फोर्क असतो, तो पुढे ओढला जातो. म्हणजे बेलहाउसिंग घेतानाच कोणती वाट ते ठरलेलं असावं. झेड-बार हवा तर जुन्या चार गिअरचं बेलहाउसिंग आणि टी-फाइव्हसाठी मधली ॲडॅप्टर प्लेट, असं मी केलं. तिसरी वाट हायड्रॉलिक. पाय सुखावतो, पण फायरवॉलचा पत्रा पातळ, पेडल दाबलं की वाकतो. केबल काय, हायड्रॉलिक काय, तिथे आतून जाड पट्टी लावल्याशिवाय करू नका.

बेलहाउसिंग मध्यावर आणणं

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर गिअरबॉक्सला नावं ठेवतात. बेलहाउसिंगमागच्या गोल भोकाचा मध्य आणि क्रँकचा मध्य एका रेषेत हवेत. फरक पाच थाऊपर्यंत चालतो, म्हणजे इंचाचे पाच हजारांश भाग. जास्त असेल तर इनपुट शाफ्ट तिरका ओढला जातो. गिअर अडखळत पडतात, पायलट बुश लवकर जातो, क्लच नीट सुटत नाही.

आधी फ्लायव्हील बसवा. बोल्टच्या आट्यांना सीलर लावा, या इंजिनात तिथून ऑइल झिरपतं. ७५ ते ८५ फूट-पौंड, समोरासमोरचे बोल्ट पाळीपाळीने. मग क्लच न लावता ब्लॉक प्लेट आणि रिकामं बेलहाउसिंग लावून बोल्ट आवळा. चुंबकाच्या पायाचा डायल गेज फ्लायव्हीलवर बसवा आणि काट्याचं टोक मागच्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवा. स्पार्क प्लग काढून ठेवा, म्हणजे क्रँक हलका फिरतो.

माझ्याकडे बायको पुढे बॅलन्सरच्या बोल्टवर लांब पाना घेऊन क्रँक फिरवत होती, मी खाली गेज वाचत होतो. “थांब. किती?” “वरती अधिक चौदा.” “पुढे.” “उजवीकडे पाच... खाली उणे चार.” एकूण फरक अठरा. मध्य किती सरकलाय ते याच्या निम्मं, म्हणजे नऊ थाऊ. पाचाच्या वर. इलाज म्हणजे बेलहाउसिंग जागेवर धरणाऱ्या ब्लॉकच्या दोन डॉवेल पिना काढून त्या जागी सरकत्या मध्याच्या पिना घालायच्या. त्या सात, चौदा आणि एकवीस थाऊच्या मिळतात. सातच्या घातल्या, दोन्हींची खाच एकाच दिशेला वळवली, आणि परत मोजलं तर मध्य दोन थाऊवर आला. तेवढ्यात चहा दोनदा झाला.

गेज उसना मिळतो. दीड तासाचं काम आहे.

बसवणं

पायलट बुश क्रँकच्या टोकात सरळ ठोका. बुशच्याच व्यासाचं सॉकेट घेऊन, लाकडाच्या हातोडीने. मी रोलरऐवजी कांस्याचा बुश घेतो. तो गेला तर एकटा जातो, शाफ्ट खात नाही.

फ्लायव्हीलची घासणारी बाजू ब्रेक क्लीनरने पुसा, बोटांचे ठसे नकोत. क्लचप्लेटवर ‘फ्लायव्हीलकडची बाजू’ असं छापलेलं असतं. स्प्रिंगचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे. प्लास्टिकच्या नकली शाफ्टने प्लेट सेंटर करून प्रेशर प्लेटचे बोल्ट दोन-दोन आटे, ताऱ्यासारखे समोरासमोर आवळत जा. एकाच बाजूने आवळली तर प्रेशर प्लेट वाकते आणि क्लच थरथरतो.

बेलहाउसिंग परत लावा, फोर्क आणि रिलीज बेअरिंग जागेवर. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर ग्रीसचं नुसतं बोट, जास्त लावलं तर ते उडून क्लचप्लेटवर जातं. आता गिअरबॉक्स उचला आणि सरळ रेषेत आत सरकवा. गिअरमध्ये टाका आणि मागून आउटपुट शाफ्ट हलवत राहा, स्प्लाइन जुळतात.

शेवटचा अर्धा इंच राहतो. नेहमी राहतो. इथे बोल्ट लावून ओढून घ्यायचा मोह होतो. ओढू नका! ॲल्युमिनियमचे कान चटकन तुटतात, नाहीतर पायलट बुश चिरतो. बाहेर काढा, प्लेट सेंटर तपासा, कोन सरळ करा, परत. सगळं जुळलं की तो हाताच्या जोराने ‘टक्’ करून बसतो. तो आवाज आला की मगच बोल्ट.

क्रॉसमेंबर लावून जॅक काढा आणि कोन मोजा. गिअरबॉक्स मागे तीन-एक अंश खाली झुकलेला असतो, डिफरन्शियलचं नाक तितकंच वर हवं. दोघांत एका अंशापेक्षा जास्त फरक पडला तर ठरावीक वेगाला खालून घरघर ऐकू येते. प्रोपेलर शाफ्टचा २८ खाचांचा योक (गिअरबॉक्सच्या मागे आत सरकणारं टोक) टी-फाइव्हलाही चालतो आणि शाफ्टची लांबी बऱ्याचदा जुळते. पण योक पूर्ण आत गेल्यावर जिथे टेकतो, चाकं जमिनीवर असताना तिथून पाऊण ते एक इंच बाहेर राहतो का, ते मोजा. राहत नसेल तर शाफ्ट कापून, तोल साधून आणावा लागेल.

शिफ्टरचं भोक बॉक्स जागेवर बसल्यानंतरच पाडा. आधी आकृतीवरून पाडणाऱ्यांची भोकं मी दोन इंच चुकलेली पाहिली आहेत. खालून मध्याला बारीक ड्रिल मारा, वरून त्याभोवती पुठ्ठ्याचा साचा ठेवून कापा, कडांना रंग लावा, वर रबरी बूट.

ऑइल आणि वायरिंग

गिअरबॉक्स म्हटलं की आपला हात नव्वद नंबरच्या ऑइलकडे जातो. वर्ल्ड क्लास टी-फाइव्हला ते नको. याच्या सिंक्रो रिंगांना अस्तर असतं. याला ऑटोमॅटिकचंच ऑइल, डेक्स्रॉन किंवा मर्कॉन जातीचं, तीन क्वार्टाला थोडं कमी. बाजूच्या बुचातून वाहायला लागेपर्यंत भरा.

स्टार्ट होत नाही म्हणून घाबरू नका. ऑटोमॅटिकमध्ये पार्क किंवा न्यूट्रल असल्याशिवाय स्टार्टरला करंट जात नाही, आणि तो स्विच तुम्ही सी-फोरबरोबर काढलात. त्या दोन तारा नुसत्या जोडल्या तरी गाडी चालू होईल, पण मग गिअरमध्ये असताना कोणी किल्ली फिरवली की गाडी समोरच्या भिंतीत. क्लच पेडलवर स्विच लावून तारा त्यातून न्या. घरात मुलं असतील तर एवढं कराच. उरलेल्या दोन तारा रिव्हर्सच्या दिव्यांच्या, त्या टी-फाइव्हच्या रिव्हर्स स्विचला.

स्पीडोमीटरच्या केबलच्या टोकाला प्लास्टिकचं दातेरी चाक असतं. त्याचे दात डिफरन्शियलच्या गुणोत्तराप्रमाणे निवडायचे असतात. डिफरन्शियल बदलून चाक तेच ठेवलंत तर काटा खोटं बोलेल. फोनमधल्या जीपीएसशी एकदा ताडून पाहा.

पहिली फेरी

पेडलला वर साधारण एक इंच मोकळा खेळ ठेवा. इंजिन बंद असताना सगळे गिअर टाका. मग स्टँडवरच स्टार्ट करा, क्लच दाबा, थोडं थांबून रिव्हर्स टाका. कर्र झालं तर क्लच पूर्ण सुटत नाही, लिंकेज आवळा. गाडी खाली घेऊन आधी गल्लीतच फिरा.

पहिले पाचशे मैल नवा क्लच शहरात, सिग्नल-सिग्नल करत वापरा. हायवेवर सरळ चालवून तो बसत नाही. आमच्याकडे ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जी रांग लागते, तिथे तो एका दिवसात बसेल, पण तुमच्या डाव्या पायाची हमी मी घेत नाही.

पाचशे मैल झाले की परत खाली जा. अस्तर थोडं झिजलेलं असतं आणि मोकळा खेळ कमी झालेला असतो. माझा एक इंचाचा अर्धा झाला होता. तो परत इंचभर करा, बेलहाउसिंग आणि क्रॉसमेंबरचे बोल्ट एकदा आवळून बघा, आणि ऑइल बुचापर्यंत आहे का, बोट घालून पाहा.